शनिवारी उभी असलेली गाडी

वस्तीत तिला नावानं कुणी ओळखत नव्हतं. ती घड्याळमावशी. डाव्या मनगटावर जाडजूड पुरुषी घड्याळ, काचेला एक तडा, पट्टा तीनदा बदललेला. खडीच्या खाणीनं तिच्या नवऱ्याला वीस वर्षांच्या नोकरीबद्दल ते दिलं होतं. "मनगटावर घड्याळ दिलं आणि छातीत धूळ," ती सांगायची. "धूळ त्यांच्याबरोबर गेली. घड्याळ माझ्याकडे राहिलं." हे ती हसत सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. नंतर तिची माझी चांगली गट्टी जमली, ती बहुधा त्यामुळेच. सुतकी चेहरा करून ऐकणारी माणसं तिला सोसत नसत.

ती सुईण होती. आईकडून शिकलेली, नंतर सरकारी प्रशिक्षण घेतलेली. पण माझ्या मते तिचं खरं काम पुढचं होतं. वस्तीतल्या सहा बायकांना गोळा करून तिनं एक गट उभा केला. खाणीतून टाकून दिलेले दगड डोक्यावर वाहून त्या सातजणींनी स्वतः एक खोली बांधली. आत एक खाट, वजनकाटा, पाणी उकळायला मोठं पातेलं, आणि भिंतीवर वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड. दारामागच्या खिळ्याला एक पिशवी आणि तिच्यात खडू. बाळंतपण खोलीत असो नाहीतर कुणाच्या घरी, मावशी पहिल्यांदा खडू काढायची आणि भिंतीवर वेळ लिहायची. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, बाळ कधी आलं.

आणि तिचा एक नियम होता, अर्ध्या तासाचा. बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार, म्हणजे नाळेचा पोटातला गोळा, पडली नाही तर कुणाची वाट बघायची नाही. सासऱ्याला विचारायचं नाही, नवऱ्याला कामावरून बोलवायचं नाही, सरळ गाडीत घालायचं आणि निघायचं. इस्पितळ बावीस किलोमीटरवर होतं, त्यातले पहिले पाच कच्चे, खडीच्या डंपरांनी उखणलेले. वस्तीत एकच जीप होती. मावशीनं त्या जीपवाल्याला असं काही धरलं होतं की बाळंतिणीचं नाव काढलं की तो ताटावरून उठायचा. त्या नियमामुळे नऊ वर्षांत वस्तीतली एकही बाळंतीण गेली नव्हती. त्याआधी वर्षाला एखाददुसरी जायचीच.

जीप फक्त शनिवारी नसायची. शनिवारी खालच्या गावात आठवड्याचा बाजार. सकाळी सातला जीप भरून जायची आणि संध्याकाळी पाचला परत यायची.

मी या सगळ्यात कशी आले ते दोन वाक्यांत सांगते. एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर घरात बसवेना, आणि दोन्ही भाषा येत असल्यामुळे एका संस्थेनं परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषी म्हणून मला नेमलं. वस्तीत मला सगळे 'बाई' म्हणायचे.

हे पाहुणे ज्यू होते. दर उन्हाळ्यात दहा-बारा जणांची तुकडी यायची, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरची पोरं-पोरी. बरोबर त्यांचे धर्मगुरू, पन्नाशीचे, डोक्यावर लहानशी टोपी, वर उन्हाची मोठी टोपी. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. दुसऱ्याला मदत करणं हे आपल्या धर्मानं आपल्यावर टाकलेलं काम आहे, पण ती करायची कशी, हे आधी मदत घेणाऱ्यांकडून शिकायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते यायचे. सकाळी दोन तास आपल्या ग्रंथांचा अभ्यास, मग दिवसभर मावशीच्या गटाबरोबर काम, संध्याकाळी चर्चा. मला अशा मंडळींचा कंटाळा आहे. चार दिवस दगड उचलायचे, फोटो काढायचे आणि घरी जाऊन भाषणं करायची. पण ही तुकडी तशी नव्हती, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागलं.

त्यांची अभ्यासाची तऱ्हा मला आवडली. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, मध्ये एक पान, आणि त्या पानावरून भांडायचं. खरंखुरं भांडायचं. आवाज चढायचे, हातवारे व्हायचे. पहिल्या दिवशी मावशी घाबरली.

"बाई, सोडवा की. मारामारी होईल."

"अभ्यास चाललाय त्यांचा."

"असा? मग माझ्या सासूनं आणि मी खूप अभ्यास केलाय."

ते मी भाषांतर करून सांगितल्यावर ती पोरं इतकी हसली की भांडण बंद पडलं. मग एका मुलीनं मावशीलाच जोडीदार म्हणून बसवलं. लालसर केसांची ती मुलगी नर्सिंग शिकत होती. मध्ये पान नाही, मावशीचं कार्ड. हे इथे का लिहिलं, ते तसं का, हे कुणी ठरवलं? मावशीनं तासभर उत्तरं दिली आणि मग कपाळाला हात लावला. "इतके प्रश्न तर हे गेले तेव्हा पोलिसांनीही विचारले नव्हते."

"पोलिसांनी कधी विचारले?" मी म्हटलं.

"नाहीच विचारले. तेच म्हणतेय."

शेवटी मुलीनं विचारलं, तुमचं सगळ्यात मोठं स्वप्न कोणतं? मावशीनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "आठ तास झोप."

हे सगळं हसतखेळत चाललेलं. मला ते लिहायलाच हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मावशीला ही माणसं मनापासून आवडत होती. ती प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. तिच्या आयुष्यात असं फार कमी लोकांनी केलं होतं.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी तुकडी बुधवारी आली, लालसर केसांची ती मुलगीही पुन्हा आली होती. तोवर एकही तुकडी वस्तीत शनिवारी राहिली नव्हती, शुक्रवारी दुपारी शहरात परत जायच्या. या वेळी गुरुजींनी ठरवलं, शनिवार इथेच काढू. म्हणून गुरुवारी दुपारी शाळेच्या अंगणात सगळी वस्ती बसवून त्यांनी शब्बाथ म्हणजे काय ते समजावलं. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ते काम करत नाहीत. लिहीत नाहीत, चूल पेटवत नाहीत, फोनला हात लावत नाहीत, गाडीत बसत नाहीत. तो दिवस नुसता असण्याचा, असं काहीसं ते म्हणाले. तुम्ही काही मागितलंत आणि आम्ही नाही म्हटलं तर राग मानू नका.

हे सगळं मी नीट सांगितलं. मग ते आणखी बोलायला लागले. बराच वेळ बोलले, हात हलवत, एकदा छातीवर मूठ ठेवून. ऊन मी म्हणत होतं. पत्र्याखाली चाळीस-पन्नास माणसं घामानं निथळत होती, मुलं चुळबुळत होती आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. ते म्हणाले ते मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं, अजून शब्दन् शब्द आठवतो. ते म्हणाले, हे सगळे नियम कुणाचा जीव धोक्यात असेल तर त्या क्षणी गळून पडतात. तेव्हा गाडी काढायला नुसती परवानगी नसते, ते कर्तव्य असतं. परवानगी विचारत बसणाऱ्याचा वेळ जातो, आणि ज्यानं लोकांना हे आधी सांगून ठेवलं नाही, दोष त्याचा. म्हणून मी आधीच सांगतोय.

मी भाषांतर केलं ते असं: "थोडक्यात काय, शनिवारी त्यांना कशासाठीही त्रास द्यायचा नाही. त्यांच्या धर्माचा कडक नियम आहे."

'कशासाठीही' हा शब्द माझा. त्यांनी तो उच्चारलाही नव्हता. मला वाटलं, प्रत्येक धर्मात असली बारीक अक्षरातली कलमं असतात, या लोकांना ती काय करायचीत? वर्गात पोरं कंटाळली की मीही शेवटचा परिच्छेद गाळायची. तेवढ्यात मावशीनं कुणालातरी खूण केली आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आला. मी तो घटाघटा प्यायले. सभा संपली.

मावशीनं काम अंगावर घेतलं की ते अर्धवट होत नसे. शुक्रवारी दिवसभर ती दारोदार फिरली. शनिवारी शाळेकडे मुलांनी जायचं नाही, रेडिओ मोठ्यानं लावायचा नाही, कुणी औषध मागायला जायचं नाही. पलीकडच्या घरातल्या म्हातारीला शनिवारी पाहुण्यांच्या गाडीतून बाजाराला जायचं होतं, तिला तर मावशीनं फैलावर घेतलं. "त्यांचा देव आठवड्यातून एकच दिवस मागतो. तुझे कांदे सहा दिवस विकता येतात."

"मग मी म्हातारीनं चालत जायचं?"

"जीपमध्ये बस. नाहीतर बस घरी."

संध्याकाळी पाहुण्यांनी शाळेच्या खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या आणि गाणी म्हटली. वस्ती लांबून बघत उभी राहिली. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर दुपारीच जीपनं आपल्या घरी गेला होता, रविवारी सकाळी येणार होता. जाताना त्यानं गाडीची किल्ली शाळेच्या ओसरीवर, घंटेच्या शेजारच्या खिळ्याला अडकवली. सगळ्यांनी ती बघितली. गाडी खाली, पिंपळाच्या सावलीत उभी होती.

मावशीच्या सुनेचे तेव्हा दिवस भरत आले होते. बावीस वर्षांची, खाणीच्या वजनकाट्याच्या ऑफिसात पावत्या लिहायची. हसताना तिला उचकी लागायची आणि उचकी लागली की ती आणखी हसायची. सासूची फिरकी घेणारी वस्तीत ती एकटीच. त्या संध्याकाळी माझ्यासमोरच म्हणाली, "आई, माझ्या वेळी ते घड्याळ काढून ठेवा बरं का. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

"नापास व्हायची नाहीस ना?"

"तुम्ही पर्यवेक्षक म्हटल्यावर कॉपीपण करता येणार नाही."

कार्डाप्रमाणे तिला अजून दहा दिवस होते.

शनिवारी मला सुट्टी होती. पाहुणे बोलणार नव्हते, तर दुभाष्याचं काय काम? माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. सकाळी सातच्या जीपमध्ये पुढची जागा मला मिळाली आणि मी बाजारात गेले. चप्पल घेतली. बऱ्याच दिवसांनी खुर्चीवर बसून चहा प्यायले, वर्तमानपत्र वाचलं. म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. ते मला मावशीनं, शेजारणीनं आणि गुरुजींनी सांगितलं, आणि मी तिघांचं ताडून बघितलं आहे.

पहाटे कळा सुरू झाल्या होत्या, पण सुनेनं सांगितलं नाही. आधी एकदा खोट्या कळा येऊन गेल्या होत्या, उगाच धावपळ नको म्हणून गप्प राहिली. आठ वाजता सांगितलं. तोवर जीप गेली होती. मावशीला त्याचं काही वाटलं नाही, बाळंतपण सरळ दिसत होतं. तिनं घरातच भिंतीवर वेळ लिहिली. अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली, लगेच रडली. मावशीनं ते लिहिलं. सून म्हणाली, "पास का?" मावशी म्हणाली, "पेपर अजून संपलेला नाही."

वार पडली नाही.

मावशीनं करायचं ते सगळं केलं. बाळाला छातीशी लावलं, सुनेला लघवीला बसवलं, पोट चोळलं. अकरा पंचवीसला रक्त वाढलं. अकरा चाळीसला तिनं भिंतीवर ती वेळ लिहिली. अर्धा तास संपला होता.

तिचा मुलगा दारात उभा होता. चोवीस वर्षांचा, खाणीत ड्रिल चालवायचा, गाडीही चालवायचा. त्याचा एक मित्र फोन घेऊन टेकाडावर पळाला, कारण सिग्नल तिथेच मिळायचा. जीपवाला फोन उचलत नव्हता. इस्पितळाची रुग्णवाहिका दुसरीकडे गेली होती, दोन तास लागतील म्हणाले.

मुलगा म्हणाला, "आई, त्यांची गाडी."

"आज नाही चालत."

"त्यांनी चालवू नये. मी चालवतो. नुसती किल्ली मागतो."

"कशासाठीही नाही, असं सांगितलंय बाईंनी. काल मी अख्ख्या वस्तीला दम दिलाय."

"ही मरेल, आई."

इथे मावशीनं जे केलं ते मी पुष्कळदा तिला विचारलं, आणि तिनं प्रत्येक वेळी तेच सांगितलं. नवरा खाणीत रक्त ओकला होता तेव्हा ती मालकाच्या बंगल्यावर गाडी मागायला गेली होती. रखवालदारानं सांगितलं, साहेब जेवतायत, थांब. ती थांबली. साहेब जेवून झोपले. "नाही ऐकायची मला सवय आहे हो," ती म्हणाली. "पण ही माणसं चांगली. त्यांना नाही म्हणावं लागलं असतं आणि जन्मभर ते टोचलं असतं. किंवा माझ्यासाठी देवाचा नियम मोडला असता, तेही टोचलं असतं. मला वाटलं, मीच निभावते. नऊ वर्षं निभावलंय."

पण मुलगा गेला. आईला न जुमानता शाळेपर्यंत गेला. ओसरीत चढला, घंटेपाशी उभा राहिला. किल्ली त्याच्या हातभर अंतरावर होती. आत पाहुणे गोल करून बसले होते, गाणं चाललं होतं. गुरुजींचं त्याच्याकडे लक्ष गेलं. त्यांना वाटलं, तरुण माणूस आहे, गाणं ऐकायला आलाय. त्यांनी हसून मान हलवली. याला वाटलं, त्यांना कळलंय आणि ते नम्रपणे नाही म्हणतायत. बोलायला भाषा नव्हती. त्यानंही हसून मान हलवली आणि परत आला.

गुरुजींनी मला हे नंतर सांगितलं. "तो माझ्याकडे बघून हसला," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आणखी एक गोष्ट. बायकांची धावपळ बघून ती लाल केसांची मुलगी कुंपणापर्यंत आली. हातानं विचारलं, काय झालं? येऊ का? तिची भाषा कुणाला येत नव्हती. शेजारीण पुढे झाली, तोंडभर हसली, हातानं नको-नको केलं, शाळेकडे बोट दाखवलं, तुमचा दिवस आहे, जा बसा, आणि मावशीच्या घराचं दार ओढून घेतलं. अदब म्हणून. आत त्या वेळी दुसरी चादर भिजली होती. बाहेर जी उभी होती ती नर्स होणार होती, तिला सलाईन लावता येत होतं, आणि तिच्या पिशवीत सलाईन होतं.

बारा वाजता सुनेला खाटेवर घालून चौघांनी उचललं. पाच किलोमीटरवर डांबरी रस्ता, तिथे एखादा ट्रक मिळेल या हिशेबानं. पिंपळाखाली उभ्या असलेल्या गाडीला वळसा घालून त्यांना जावं लागलं, कारण वाट तिथूनच होती. मावशी खाटेबरोबर चालत होती, एक हात सुनेच्या पोटावर. वजनकाट्याच्या वळणावर, जिथे ती पावत्या लिहायची त्या खिडकीसमोर, ती गेली. एक वाजून पंचवीस मिनिटं. मावशीनं घड्याळ बघितलं होतं. "सवय," म्हणाली.

पाचला जीप मला घेऊन आली. नव्या चपला पिशवीत होत्या. वळणावरच बातमी कळली.

मी पोचले तेव्हा सुनेला घरी आणून ठेवलं होतं आणि दारात गुरुजी उभे होते. खाट परत येताना बघून ते धावत आले होते, पण भाषेवाचून काहीच उमगत नव्हतं. मला बघताच त्यांनी विचारलं, काय झालं? मी माणसांना विचारून सांगितलं. त्यांनी विचारलं, मग आमच्याकडे का नाही आले? गाडी होती, दोघांना ती चालवता येते.

मी ते मावशीला सांगितलं. तिनं मान वर करून गुरुजींकडे बघितलं. जणू त्यांनीच काहीतरी चमत्कारिक विचारलं होतं.

"आज शनिवार आहे ना," ती म्हणाली.

हे मला भाषांतर करावं लागलं. चारच शब्द. गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, मी सांगितलं होतं. जिवाचा प्रश्न असेल तर काय, ते मी सांगितलं होतं.

मावशीला ते वाक्य समजलं नाही, पण माझा चेहरा तिला समजला.

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. गुरुवारी गाळलेलं सगळं, अथपासून इतिपर्यंत.

"हे त्यांनी परवाच सांगितलं होतं?"

"हो."

"तुम्ही ऐकलं होतं?"

"हो."

 शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला तहान लागली होती, बाई. मीच पाणी मागवलं होतं तुमच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी माती दिल्यावर सगळी तुकडी मावशीच्या घरी आली. आली आणि जमिनीवर बसली. कुणी एक शब्द बोललं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं आणि वस्तीतल्या बायकांची तोंडं चाललेली. "सून होती म्हणून. पोटची पोर असती तर किल्ली हिसकावून आणली असती." "दुसऱ्यांना अर्धा तास शिकवते." "नातवंड मिळालं ना, सुनेचं काय!" हे सगळं हळू आवाजात, पण ऐकू जाईल इतक्याच हळू.

मावशीनं मला जवळ बोलावलं. "हे का बसलेत असे? काही बोलत का नाहीत?"

मी गुरुजींना विचारलं आणि तिला सांगितलं, या वेळी काहीही न गाळता: त्यांच्यात शोकाच्या घरी गेलेल्यानं आधी बोलायचं नसतं. घरचं माणूस बोललं तरच. नाही बोललं तर नुसतं बसायचं आणि उठून जायचं.

"असं?" तिनं एकदा त्या दहाबारा जणांकडे बघितलं, एकदा बायकांकडे. "मग बसू द्या त्यांना. कुणीतरी गप्प बसलंय."

ते दोन तास बसले. भिंतीवर खडूची अक्षरं होती. जन्म ११.१०. त्याखाली ११.४०. त्याखाली काही नव्हतं. ती अक्षरं मावशीनं अजून पुसलेली नाहीत. भिंतीला चुना दिला तेव्हाही तेवढा भाग सोडला.

मुलगा महिनाभर आईशी बोलला नाही. मग लांबच्या दुसऱ्या खाणीत कामाला लागला. अधूनमधून येतो, मुलीला बघतो, आईच्या हातचं जेवत नाही. गटातल्या दोघी सोडून गेल्या. तीन-चार महिने वस्तीतल्या बायका बाळंतपणाला खालच्या गावच्या सुईणीला बोलावत राहिल्या. मावशी रोज सकाळी खोली झाडायची, पातेलं घासायची, कार्डं पुसायची आणि बसून राहायची. मांडीवर नात. संस्थेच्या ऑफिसनं अहवालात लिहिलं, 'दळणवळणाच्या अभावी'. ते मी वाचलं आणि फाईल त्यांच्या टेबलावर आपटून आले. दळणवळण पिंपळाखाली उभं होतं. मी कॉलेजात नापास केलेल्या पोरांनीसुद्धा इतकं खोटं कधी लिहिलं नव्हतं. काम सोडते, असंही तिथेच सांगितलं.

ते मावशीनं ऐकलं आणि निरोप पाठवला. "पळून कुठे जाता? पुढच्या वर्षी ते आले की तुम्हीच हवात. दुसरा कुणी आणखी गाळेल."

गुरुजींनी पत्रानं विचारलं होतं, आम्ही पुन्हा यावं का? तुम्ही म्हणाल तसं. तिनं मला लिहायला सांगितलं: या. शनिवारी राहा. पहिल्या दिवशी मी बोलणार.

ते आले. पोरं नवी, गुरुजी तेच, दाढी वर्षात पांढरी झालेली. तेच अंगण, तेच ऊन. मावशी कडेवर वर्षाची नात घेऊन उभी राहिली आणि गुरुजींना म्हणाली, मागच्या वर्षी जे बोललात ते सगळं परत बोला. ते बोलले. मी सांगितलं. ती म्हणाली, "परत." मी परत सांगितलं. मग तिनं पुढच्या रांगेतल्या म्हातारीला विचारलं, गेल्या वर्षी कांद्यांवरून जिला फैलावर घेतलं होतं तिलाच, "काय म्हणाले ते? सांग." म्हातारीनं सांगितलं. मग दुसरीला. मग एका पुरुषाला. एकाचा एक शब्द राहिला तर त्याला पुन्हा उभं केलं. दीड तास हे चाललं. कुणी चुळबुळलं नाही. मला पाणी कुणी विचारलं नाही, आणि मी मागितलं नाही.

शेवटी ती गुरुजींना म्हणाली, "किल्ली."

शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लागायच्या आधी गुरुजींनी स्वतः किल्ली तिच्या हातात दिली. शनिवारी दिवसभर ती बाळंतपणाच्या खोलीच्या पायरीवर बसून होती. मुठीत किल्ली, मनगटावर घड्याळ, शेजारी नात मातीत खेळत. गाडी चालवणारे दोघेजण शाळेच्या ओसरीत तिला दिसतील असे बसवले होते. त्या दिवशी मी बाजारात गेले नाही. तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले.  वस्तीत त्या दिवशी कुणाचं बोटसुद्धा कापलं नाही.

तीन तारे दिसल्यावर गुरुजी किल्ली घ्यायला आले. मावशीनं मूठ उघडली. किल्लीचे दाते तळहातावर उमटले होते.

"चला," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून, "कुणाला काही झालं नाही."

"हो ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "दिवसभर वाटत होतं, कुणीतरी ओरडत यावं. कुणाचंतरी रक्त वाहावं आणि मी ही किल्ली घेऊन पळावं. बघा, किती वाईट झालेय मी."

गुरुजी आमच्या तोंडाकडे बघत उभे होते. ती काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. "हे सांगू?"

"सांगा," ती म्हणाली. "पूर्ण सांगा."

मी पूर्ण सांगितलं.